उंबरगडची पंगत

उमाजी कोयंडे उपसलेली तलवार हातात घेऊन भोजनगृहात शिरला, तेव्हा आमचे किल्लेदार अळूचं फदफदं भुरकत होते.

तलवार बघूनही भुरकणं थांबलं नाही. उमाजीच्या मागे त्याचे विसेक सरदार होते, सगळे चिलखतात. बाहेर त्याच्या जहाजांनी आमच्या गडाला सगळीकडून वेढलेलं. आणि हा माणूस वाटी तोंडाला लावून बसलेला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उंबरगडाचा किल्लेदार कोण?" उमाजी गरजला.

सगळ्या पंगतीने माना खाली घातल्या. किल्लेदारांनीही घातली. मी कोपराने चांगलं ढोसलं तेव्हा त्यांनी वाटी खाली ठेवली आणि शाळेत हजेरी देतात तसं बोट वर केलं.

"मी. हरबाजी साटम. या ना. बसा. जेवून घ्या."

मी सरस्वती धुळप. तेव्हा उंबरगडाची नायब होते, म्हणजे किल्लेदारांच्या खालोखाल. वय कमी, जीभ तिखट आणि डोक्यात एकच गोष्ट, की हा गड माझ्या हातात असायला हवा होता. मी हे कोणापासून लपवलंही नव्हतं. हरबाजी साटम किल्लेदार कसे झाले ते अख्ख्या फौजेला माहीत होतं. त्यांच्या तुकडीतले शूर लोक एकेक करून कामी आले, आणि दरवेळी हे मागे राहिले म्हणून ह्यांना बढती मिळत गेली. रक्त बघितलं की चक्कर यायची. पित्ताचा त्रास. ताऱ्यांच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या साम्राज्याच्या वेशीवर हुजुरांनी हा असला माणूस बसवला होता.

उमाजी ज्यांचा सारंग, म्हणजे आरमाराचा म्होरक्या, होता ते लोक स्वतःला मोकळे म्हणवतात. तीन पिढ्यांपूर्वी ते साम्राज्यातून फुटले. आम्ही त्यांना फितूर म्हणतो. त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता, उद्या दुपारपर्यंत गड खाली करून द्या, नाहीतर फोडून घेतो. आता, हो म्हणावं तर हुजूर आम्हाला फासावर चढवणार. नाही म्हणावं तर गड फुटणार. गडावर बायकापोरांसकट तीनशे माणसं. आमच्याही तोफा काही लेच्यापेच्या नव्हत्या, मरता मरता त्याची निम्मी जहाजं घेऊन गेलो असतो. पण मेलो असतो हे नक्की. सकाळपासून मी किल्लेदारांना विचारत होते, काय सांगायचं? आणि ते दरवेळी एकच म्हणत होते, "जेवण झालं की ठरवू हो, नायबबाई. रिकाम्यापोटी मला सुचत नाही."

आणि आता उत्तर न्यायला उमाजीच समोर उभा होता, पंगत बसलेली म्हणून पहाऱ्याने त्याला अडवलं नव्हतं, आणि हे त्याला जेवायला बसा म्हणत होते.

पंगतीचा नियम मी इथे सांगते, कारण हल्लीच्या पोरांना तो ठाऊक नाही. गडावर दिवसातून एकदा सगळे एकत्र बसून जेवायचे, खाली, मांडी घालून. पंगत बसली की ती उठेपर्यंत गडाच्या तोफांच्या टप्प्यात कोणी शस्त्र चालवायचं नाही. आपलं असो, शत्रूचं असो. यजमान उठला की पंगत उठली, आणि त्याच्या आधी गडावरचं कोणी उठलं तर पंगत मोडली. पाहुण्याला मात्र यजमानाने विडा देऊन निरोप दिला तर खुशाल उठता येतं. पानात टाकून कोणी उठायचं नाही. आद्य सम्राटांनी घालून दिलेला नियम. मोकळे आमच्यातून फुटले तेव्हा त्यांनी सम्राट सोडला, कर सोडला, झेंडा सोडला, पण पंगत सोडली नाही.

उमाजी दारात घुटमळला. त्याला कळत होतं की बसलो तर निरोपाचा विडा मिळेपर्यंत अडकून पडणार. पण भाताचा वास सुटला होता. मोकळ्यांच्या जहाजांवर जेवणाऐवजी गोळ्या खाऊन दिवस काढतात हे आम्ही ऐकून होतो. त्याच्या मागचा एक सरदार तर उघड उघड आवंढा गिळत होता.

"नाही बसलो तर घाबरलो म्हणाल," उमाजी म्हणाला, आणि तलवार म्यान करून धपकन बसला. त्याच्यामागे सगळे बसले.

"तूप घ्या," हरबाजी म्हणाले. तुपाची वाटी ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने उमाजीच्या भातावर धार धरली. तूप जरा जास्तच पडलं.

"हे हिरवं काय?"

"अळू."

"अळू!" उमाजीचा आवाजच बदलला. "आमची आजी सांगायची. तिने पण खाल्लं नव्हतं, तिच्या आजीने खाल्लेलं."

पृथ्वी नेमकी कुठे होती ह्यावरून अजून विद्वानांची भांडणं चालतात, पण तिथून आणलेलं अळू मात्र उंबरगडाच्या हौदात कोणी न विचारता माजलं होतं. आठवड्यातले चार दिवस तेच. मी त्याला शिवत नसे. लहानपणापासून माझा घसा खवखवतो.

उमाजीने पहिली वाटी संपवली, दुसरी मागितली. आमचा आचारी पिलाजी वाढता वाढता घामाघूम झाला. शत्रूला काय वाढायचं आणि किती वाढायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मग त्याने स्वतःच ठरवलं की मागतील तेवढं.

मी किल्लेदारांकडे वाकून कुजबुजले, "तोफा भरून ठेवल्यात. हा इथे अडकलाय, त्याची जहाजं धन्यावाचून तिथे. तुम्ही उठलात की मी इशारा देते. निम्मी तरी बुडवू."

"अहो, पण मी उठतच नाहीये ना," हरबाजी म्हणाले.

ते खरोखरच उठत नव्हते. हरबाजींचं जेवण म्हणजे रोजचाच छळ होता. पित्तामुळे एकेक घास ते चावून चावून पार पीठ करायचे. तोवर अख्खा गड मांड्या घालून तिष्ठत बसायचा, पायाला मुंग्या यायच्या, पोरं पेंगायची. रोज मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे. त्या दिवशी मात्र मला पहिल्यांदाच वाटलं की म्हातारा दिसतो तेवढा बावळट नाही. मदतीसाठी आम्ही हुजुरांकडे जासूद धाडला होता. सरलष्कर मानाजी शितोळे फौज घेऊन निघाले आहेत एवढंच कळलं होतं, कधी पोचतील त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे हे वेळ काढतायत! मनातून मी खूष झाले. असा डाव मला का सुचला नाही, असंही वाटलं.

"जेवण झकास झालं," तिसऱ्या भातानंतर उमाजी म्हणाला. "वाईट एवढंच वाटतंय की उठल्यावर तुमचा गड फोडावा लागणार."

"मग ताकभात घ्या थोडा," हरबाजी घाईघाईने म्हणाले. "पिलाजी, अरे ताक!"

"तुम्ही गड देऊन का टाकत नाही?"

"फाशी देतील हो मला. तुम्ही परत का जात नाही?"

"रिकाम्या हाताने? आमच्याकडे फाशी नाही. आमच्याकडे सभा भरते," उमाजी म्हणाला. "दहा दहा दिवस चालते. प्रत्येकजण उठून बोलतो. त्यापेक्षा फाशी परवडली."

ह्यावर हरबाजी हसले. मग उमाजीही हसला. त्याचे सरदार हसले, आमचे शिपाई हसले. मी हसले नाही. पण समोरासमोर बसून दोन्हीकडची माणसं बोलायला लागली होती. ह्याचं गाव कुठलं, त्याची बायको काय करते, लोणच्यात मोहरी फेसून घालता की नाही. आमच्या तोफखान्याचा जमादार एका मोकळ्या पोरीला पापड कुठल्या बाजूने भाजायचा ते शिकवत होता. उमाजी हरबाजींना आपल्या मुलीबद्दल सांगत होता. तिचं लग्न ठरत नव्हतं, कारण तिला कोणी पसंतच पडत नव्हतं. हरबाजी त्याला अगदी मनापासून सल्ले देत होते, आणि त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं.

तेवढ्यात टेहळ्या दाराशी आला. पंगतीत त्याला पाऊल टाकता येईना, म्हणून तो भिंतीच्या कडेकडेने माझ्यामागे आला आणि कानात बोलला. माझ्या अंगात वीजच शिरली.

"किल्लेदार!" मी एवढ्या जोरात म्हटलं की सगळे गप्प झाले. "शितोळे आले! चाळीस जहाजं घेऊन आलेत. ह्यांच्या मागे उभे आहेत!"

उमाजीचा हात घासासकट थांबला. आता हिशेब उलटा झाला होता. पंगत उठली की मरणारे ते होते, एकूण एक. त्या विसांच्या जोडीला बाहेर जहाजांवरची दोन हजार माणसं. त्याने घास खाली ठेवला आणि हरबाजींकडे बघितलं. राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं.

"चांगलं खेळवलंत मला, किल्लेदार."

"मी?" हरबाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी कुठे काय केलं हो?"

मला वाटलं, आनंदाने पडला असेल.

सरलष्कर शितोळे स्वतः गडावर आले. उंच, देखणा माणूस, मिशीला अत्तर. दाराच्या चौकटीत उभे राहून त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली, मोकळ्यांची डोकी मोजली आणि प्रसन्न हसले.

"शाबास, किल्लेदार. आता उठा."

"बसा ना, सरलष्कर. पान वाढतो," हरबाजी म्हणाले.

"मी उभा बरा. तुम्ही उठा."

"माझं जेवण व्हायचंय."

शितोळ्यांनी मान उंचावून त्यांच्या ताटात बघितलं. "एक घास तर उरलाय."

"हो. एकच."

"मग घ्या तो."

"आता भूक नाही राहिली."

"मग उठा!"

"पानात टाकून?" हरबाजी दचकून म्हणाले. "सरलष्कर, पानात टाकून उठायचं? आद्य सम्राट काय म्हणतील?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. शितोळ्यांची मिशी हलली. तो माणूस उभ्या आयुष्यात कोणाला घाबरला नसेल, पण नियमापुढे त्याचंही चालेना. चाळीस जहाजांवरचे त्याचे गोलंदाजही लहानपणापासून पंगतीतच जेवलेले. बसलेल्या पंगतीवर तोफ डागा असा हुकूम सोडला तर पहिली तोफ कुठल्या दिशेला वळेल, हे शितोळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी अजून समजत होते की किल्लेदारांची घाबरगुंडी उडालीय. वाकून म्हटलं, "आता कशाची भीती? जिंकलोय आपण! उठा की!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी विड्यांचं तबक ओढून घेतलं, एक विडा उचलला आणि उमाजीपुढे धरला.

"सारंग, घरी मंडळी वाट बघत असतील. निघा तुम्ही. मुलीला माझा आशीर्वाद सांगा."

उमाजी त्या विड्याकडे बघत राहिला.

"आणि तुमचं काय, किल्लेदार?"

"माझं जेवण चाललंय ना," हरबाजी म्हणाले. "मी सावकाश जेवतो. कोणालाही विचारा."

उमाजीने विडा घेतला. वाकून हरबाजींच्या पायाला हात लावला, आणि चिलखत खडखडत उठला. मग एकेक सरदार पुढे आला, प्रत्येकाने विडा घेतला. पापड भाजायला शिकलेली पोरगी रडत होती. शितोळ्यांच्या अंगावरून, त्यांच्या अत्तराच्या वासातून सगळे बाहेर पडले आणि शितोळे हात मागे बांधून उभे राहिले. दुसरं करणार काय?

आता कळलं असेल तुम्हाला. मला तेव्हा कळलं. मोकळ्यांची जहाजं खिंडीत शिरेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडे निसटायच्या फटीपर्यंत पोचायला सहज दुसरा दिवस उजाडणार. सगळी वाट आमच्या तोफांच्या टप्प्यातली. तोवर हा माणूस त्या एका घासासमोर बसून राहणार होता.

शितोळे माझ्याकडे वळले. "नायब, तुमचं नाव?"

"सरस्वती धुळप."

"धुळपबाई, तुमचं पान तर स्वच्छ आहे. तुमचं जेवण झालंय."

"झालंय."

"मग उठा. पंगत मोडेल. मोडू द्या, पाप माझ्या माथी. उंबरगड आजपासून तुमचा. ह्या क्षणापासून. शब्द देतो."

मी काही संत नव्हे. त्या शब्दासाठी मी सात वर्षं झुरले होते. हरबाजींची टिंगल करत, त्यांची कामं निस्तरत, हाच शब्द ऐकायला थांबले होते. आणि शितोळे खोटं बोलत नव्हते. मी पाय मोकळे करायला हात जमिनीवर टेकवला, हे सगळ्या गडाने बघितलं. हरबाजींनीही बघितलं. विनवलं नाही, रागावले नाहीत. फक्त मान खाली घालून त्या घासाकडे बघत बसले, आणि त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. त्यांची खात्री होती की मी उठणार.

मला इतका राग आला! शितोळ्यांचा आला, मोकळ्यांचा आला, पण सगळ्यांत जास्त ह्या म्हाताऱ्याचा आला. दोन हजार माणसांचा जीव त्याने एकट्याने आपल्या मांडीवर घेतला होता आणि माझ्याकडून त्याला एवढीसुद्धा अपेक्षा नव्हती.

"पिलाजी!" मी ओरडले. "भात आण मला."

पिलाजी रडवेला झाला. "बाई, भात संपला. त्या लोकांनी सगळा संपवला."

"मग जे असेल ते आण."

"अळूच आहे फक्त."

"आण!"

त्याने वाढलं. माझ्या ताटात ते हिरवं डबकं झालं. मी पहिला भुरका मारला आणि घसा लगेच खवखवायला लागला. सरलष्करांकडे बघत मी दुसरा मारला.

मग तोफखान्याचा जमादार म्हणाला, "मलाही वाढ रे." मग त्याची बायको. मग सगळी ओळ. पिलाजी बादली घेऊन धावत सुटला. पोरांनी नाकं मुरडली तशी आयांनी चिमटे काढले. त्या दिवशी उंबरगडाने जेवढं अळू खाल्लं तेवढं कुठल्याही गडाने खाल्लं नसेल. लहान पोरं आयांच्या मांडीवर झोपली. म्हातारे भिंतीला टेकले, पण मांडी मोडली नाही. कोणीतरी ओव्या म्हटल्या, कोणीतरी घोरलं. शितोळ्यांनी शेवटी खुर्ची मागवली, आणि ती पंगतीच्या बाहेर ठेवायला लावली.

सकाळी टेहळ्या आला. "गेले. शेवटचं जहाज खिंडीपलीकडे गेलं."

हरबाजींनी तो घास उचलला. रात्रभरात त्याचा दगड झाला होता. त्यांनी तोंडात टाकला आणि नेहमीसारखा चावला, चावला, चावत बसले. सगळा गड त्यांच्या जबड्याकडे बघत होता. मग पाणी प्यायले, "अन्नदाता सुखी भव" म्हणाले आणि उठायला गेले, ते सरळ माझ्या अंगावर कोसळले. पायात जीवच नव्हता. मी आणि जमादाराने त्यांना काखेत धरून उभं केलं.

शितोळे समोर आले. तलवारीच्या मुठीवर हात. हरबाजींनी डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट एवढं घट्ट धरलं की वळ उठले.

आता शितोळे काही मूर्ख नव्हते. रात्रभर खुर्चीत बसून त्यांनी पुरता विचार केला होता. ही फितुरी म्हणावी, तर चाळीस जहाजं दिमतीला असताना सरलष्कर दारात खुर्ची टाकून बसले होते, हे हुजुरांना सांगावं लागणार. आणि पराक्रम म्हणावा, तर गड शाबूत, आपलं एक माणूस गेलं नाही, शत्रू पळाला आणि सरलष्कर वेळेवर पोचले.

त्यांनी तलवार काढली आणि हरबाजींच्या पायाशी ठेवली.

"एकही गोळी न झाडता फितुरांचं आरमार पिटाळून लावणारे शूर किल्लेदार हरबाजी साटम ह्यांचा विजय असो!"

सगळ्यांनी विजय असो म्हटलं. हरबाजींनी एक डोळा उघडून मला विचारलं, "कोणाचा म्हणाले?"

त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत काढा घेऊन गेले. ते पाय चोळत बसले होते.

"एक विचारू? मदत येईपर्यंत वेळ काढलात, ते समजलं. पण शितोळे आल्यावर का नाही उठलात?"

"मदतीचं कुठे डोक्यात होतं हो माझ्या!" ते म्हणाले. "तुम्हाला काय सांगू ते सुचेना म्हणून जेवत होतो. आणि मग ते आले. त्याला मी माझ्या हाताने तूप वाढलं, नायबबाई. तो मला त्याच्या मुलीचं सांगत होता. उठलो असतो तर मला ते सगळं बघावं लागलं असतं. माझ्याच्याने नसतं बघवलं. मी घाबरट माणूस आहे, तुम्हाला तर माहीतच आहे."

मी काढा ठेवला आणि बाहेर आले, कारण मला रडू फुटत होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

काही महिन्यांनी हुजुरांचं जहाज आलं. त्यातून तीन गोष्टी आल्या. पहिली, हरबाजींना सेनापतिपद. मोकळ्यांच्या मुलखावर जी मोहीम काढायची होती तिचे सेनापती हेच, कारण फितूर ह्यांच्या नुसत्या नावाने पळतात, असं राजधानीत सगळ्यांना पटलं होतं. सरलष्कर शितोळे त्यांच्या हाताखाली, आणि मीही. हरबाजींनी खूप विनवण्या केल्या. पित्ताचं सांगितलं, चक्कर येते म्हणाले. हुजुरांकडून आलेल्या वकिलाने ते लिहून घेतलं आणि शेवटी 'विनयशील' असा शेरा मारला.

दुसरी गोष्ट म्हणजे एक मूर्तिकार. राजधानीच्या चौकात पुतळा बसवायचा होता. त्याने हरबाजींना शितोळ्यांची तलवार हातात देऊन, एक पाय बाकावर ठेवून उभं केलं.

"बसून नाही का चालणार?" हरबाजींनी विचारलं. "तसा मी बसलोच होतो."

"सेनापती बसलेला कसा दाखवणार?" मूर्तिकार म्हणाला. "लोक काय म्हणतील? छाती पुढे घ्या जरा."

तिसरी गोष्ट म्हणजे फर्मान. ते मीच वाचून दाखवलं. सैन्याचा वेळ वाचावा आणि शिस्त वाढावी म्हणून साम्राज्यातल्या सगळ्या गडांवरची आणि जहाजांवरची पंगत आजपासून बंद. शिपायांनी ज्याचं त्याने, उभ्याने, बंद पाकिटातलं जेवण जेवायचं. पाकिटंही त्याच जहाजातून आली होती. आद्य सम्राटांच्या नियमाला कोणी हात लावला नव्हता बरं का. पंगत बसली तर शस्त्र चालवायचं नाही, हे अजूनही कायम होतं. फक्त ती बसायची नव्हती.

सेनापतींच्या सत्काराचं जेवण त्याच दिवशी होतं. भोजनगृहातले पाट उचलून नेले होते, जागा केवढी मोठी वाटत होती. सगळा गड पाकिटं हातात धरून उभा. कुठे बघावं ते कोणाला कळत नव्हतं, म्हणून जो तो भिंतीकडे बघून खात होता. हरबाजींनी दोन घास खाल्ले. मग पाकीट तसंच हातात धरून माझ्याजवळ सरकले.

"नायबबाई, पुढच्या वेळी काय करायचं हो?"

"आधी खाऊन घ्या," मी म्हटलं. "निवेल."

पुढची वेळ वर्षाच्या आत आली. मोकळ्यांच्या मुलखाच्या तोंडाशी आमची जहाजं पोचली, तेव्हा समोर आडवा उभा होता तो उमाजी कोयंडेच. त्याने तोफा वळवल्या नाहीत. त्याने निरोप पाठवला, सेनापतींच्या नावाने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पान वाढलंय. अळू लावलंय आम्ही, चांगलं आलंय. सगळ्यांना घेऊन या.

हरबाजी माझ्याकडे बघायला लागले. शितोळे शेजारीच उभे होते, फौज उभी होती, सकाळीच सगळ्यांनी उभ्या उभ्या आपापलं पाकीट संपवलं होतं. बसावं तर फर्मान मोडून फास, नको म्हणावं तर तोफा. उत्तर तर द्यायलाच हवं होतं, ते मी दिलं. म्हटलं, आमचं जेवण झालंय.